टिकी मग: चेहरा कोरण्याआधी ग्लेझ ठरवा

गेरू

टिकी मग म्हणजे उंच, बिनकानाचा सिरॅमिकचा पेला. त्याच्या अंगावर पॉलिनेशियातल्या कोरीव मूर्तींच्या धर्तीचा चेहरा असतो. कॅलिफोर्नियात 1930 च्या दशकात डॉन द बीचकोंबर आणि ट्रेडर व्हिक्स सुरू झाले, त्यातून अमेरिकेत टिकी बारची लाट आली आणि पुढे 1950 च्या दशकाच्या अखेरीपासून हे मग तिथे पसरले. माती शिकणाऱ्यासाठी विषय उत्तम, कारण एकाच वस्तूत कोरीवकाम, साचा, ओतकाम आणि दोन-तीन ग्लेझ (भाजल्यावर काचेसारखे होणारे लेप) सगळं येतं.

बहुतेक जण आधी चेहरा कोरतात आणि बिस्क, म्हणजे ग्लेझआधीची पहिली भाजणी, झाल्यावर ग्लेझचा विचार करतात. हा क्रम उलटा करायला हवा. कोरलेली रेघ एक मिलिमीटर खोल असेल आणि वर जाड, अपारदर्शक पांढरं ग्लेझ आलं, तर चेहरा बुजतो. तीच रेघ तीन मिलिमीटर खोल आणि चार मिलिमीटर रुंद ठेवली आणि वर मधासारखं पारदर्शक ग्लेझ दिलं, तर ते खोलीत साचून गडद होतं, कडांवर पातळ होऊन उजळतं आणि चेहरा आपोआप उठून दिसतो. म्हणून त्याच मातीच्या चाचणी-पट्टीवर 1, 2, 3 आणि 4 मिमी खोलीच्या रेघा कोरा, ठरवलेलं ग्लेझ लावून भाजा आणि मगच चेहऱ्याचं चित्र काढा.

आता माप. बर्फासकट पेय मावायला 450 मिली तरी जागा हवी. माती ओली ते भाजलेली या प्रवासात 12 टक्के आकसत असेल, तर प्रत्येक लांबी 0.88 ने गुणली जाते, पण घनफळ 0.88 च्या घनाने, म्हणजे 0.68 ने. म्हणजेच भाजल्यावर 450 मिली हवं तर ओला मग 660 मिलीचा लागतो. आतला व्यास 80 मिमी आणि आतली उंची 15 सेंमी ठेवली तर भाजल्यावर काठोकाठ साधारण 510 मिली मावतं. 450 मिली भरल्यावर वर दीड सेंमी मोकळं राहतं, ते बरोबर आहे.

पहिला मग साच्याशिवाय करा. मधल्या तापमानाची स्टोनवेअर माती (भाजल्यावर दगडासारखी घट्ट होणारी) दोन 8 मिमी पट्ट्यांच्या मध्ये लाटा. कागद गुंडाळलेल्या 80 मिमी बाहेरच्या व्यासाच्या नळीवर ती गुंडाळा. सांध्याच्या दोन्ही कडा 45 अंशात तिरक्या कापा, ओरखडे पाडा, स्लिप (पाण्यात कालवलेली पातळ माती) लावून दाबा. बूड 6 मिमी पुरे. मग स्वतःच्या पायावर उभा राहायला लागला की लगेच नळी काढा. नळी आकसत नाही, माती आकसते. रात्रभर नळी आत राहिली तर सांधा उभा फाटतो. त्यानंतर सांध्यावर आतून मातीची बारीक वळी दाबून बसवा.

भिंत 8 मिमी घ्यायची कारण 3 मिमी कोरल्यावर 5 उरायला हव्यात. कोरायची वेळ लेदर-हार्ड अवस्थेची, म्हणजे नख रुततं पण मग वाकत नाही तेव्हाची. त्याहून ओल्या मातीत रेघेच्या कडांना कुसळं उभी राहतात, आणि ती भाजल्यावर ओठांना टोचतात.

ओंजळ

नाक आणि ओठ बाहेरून माती लावून करायचे की आतून चमच्याच्या पाठीने ढकलून? आतून ढकलल्यावर भिंतीची जाडी सारखी राहते असं वाटतं.

गेरू

जाडी सारखी राहते हे खरं, पण आत खोलगट कप्पे होतात. त्यात साखरेचं पेय साचतं, ब्रश पोचत नाही आणि आतलं ग्लेझ तिथेच जाड साठतं. म्हणून बाहेरून लावा. फक्त भर कुठेही एकूण 12 मिमीपेक्षा जाड नको. नाक मोठं असेल तर मागून पोकळ करून चिकटवा आणि पोकळीला न दिसणाऱ्या जागी टाचणीएवढं छिद्र ठेवा.

तापमान

जाड नाक भट्टीत फुटतं ते आत हवेचा बुडबुडा राहिल्यामुळे, असा समज पक्का आहे. खरं कारण पाणी. जाड भाग बाहेरून वाळलेला दिसतो पण गाभा ओला असतो; 100 अंश ओलांडल्यावर त्या पाण्याची वाफ होते आणि ती तुकडा उडवते. पूर्ण वाळलेली माती पोकळ असली तरी फुटत नाही. पातळ काठ आधी वाळून ओढ बसू नये म्हणून पहिले दोन-तीन दिवस मग प्लास्टिकखाली ठेवा, काठाला वेगळी पट्टी गुंडाळा. गालाला लावून मग गार लागला तर तो अजून ओला आहे.

नवमाती

एकाच चेहऱ्याचे सहा-आठ मग हवे असतील तर? बाजारात मिळणाऱ्या तयार टिकी मगावरच प्लास्टरचा साचा घेता येईल का?

मृण्मयी

येईल, पण घेऊ नका. पहिलं कारण हक्काचं: तो चेहरा कुणीतरी घडवलेला आहे. दुसरं तांत्रिक: तयार मग आधीच आकसलेला असतो आणि तुमची ओतीव प्रत पुन्हा 12 टक्के आकसेल. 450 मिलीच्या मगातून 300 मिलीचा निघेल. तिसरं, त्याच्यावर ग्लेझ चढलेलं असल्यामुळे कोरीव कडा गोल झालेल्या असतात. तुमच्या प्रतीवर आणखी एक ग्लेझ चढलं की चेहरा साबणाच्या वापरलेल्या वडीसारखा दिसतो.

मूळ नमुना स्वतः करा. तेलाच्या प्लॅस्टिसिनमध्ये केलात तर तो वाळत नाही, सावकाश काम करता येतं. अंतिम मापापेक्षा 13 ते 14 टक्के मोठा करा, कारण 1 भागिले 0.88 म्हणजे 1.136. ओतीव मातीचं आकसणं हातकामाच्या मातीपेक्षा वेगळं असू शकतं, तेव्हा त्याच स्लिपची 10 सेंमी रेघ आखलेली पट्टी भाजून मोजा आणि मग आकडा पक्का करा.

साच्याचा खरा शत्रू अडकणारी जागा. दोन भागांच्या साच्यात पुढचा भाग सरळ पुढे ओढला जातो, त्यामुळे नाकाखालची खाच, भुवईखालची सावली, ओठांमधली फट या सगळ्या जागा पुढून सरळ दिसल्या पाहिजेत. तपासायची सोपी पद्धत: खोलीत अंधार करा, ओढायच्या दिशेत डोळ्याशी टॉर्च धरून नमुन्याकडे बघा. जिथे प्रकाश पोचत नाही तिथे प्लास्टर अडकणार. ती जागा भरा किंवा उतार द्या. उभ्या भिंतींनाही 3 ते 5 अंशांचा उतार हवाच. जोडाची रेघ दोन्ही बाजूंना सगळ्यात रुंद जागेवरून न्या. चेहऱ्याचे कान तिथे ठेवलेत तर रेघ त्यांच्यात लपते.

चाक_फिरतं

बुडाला आतल्या बाजूला खोलगटपणा दिला असेल तर दोन भागांचा साचा सुटत नाही. तिसरा भाग बुडासाठी वेगळा करावा लागतो. सपाट बूड ठेवायचं तर मधोमध दोन मिलिमीटरपर्यंतचा उथळ खड्डा चालतो.

मृण्मयी

बरोबर. मी तर तीन भागच सुचवेन, बुडाचा तुकडा वेगळा असला की मग बाहेर काढणंही सोपं जातं.

प्लास्टर कुंभारकामाचंच घ्या. 100 ग्रॅम प्लास्टरला 70 ग्रॅम पाणी. एक लिटर मिश्रण हवं असेल तर सुमारे 925 ग्रॅम प्लास्टर आणि 650 मिली पाणी. साच्याच्या चौकटीचं घनफळ काढा, त्यातून नमुन्याचं वजा करा, वर 5 टक्के धरा. पाण्यात प्लास्टर चाळत टाकायचं, प्लास्टरवर पाणी ओतायचं नाही. दोन-तीन मिनिटं न हलवता भिजू द्या, मग दोन-तीन मिनिटं तळाशी हळू ढवळा. वर ढवळलं की हवा शिरते. बोट फिरवल्यावर पृष्ठभागावर पुसटशी रेघ टिकायला लागली की ओता, तीही नमुन्यावर थेट नाही तर कोपऱ्यातून, म्हणजे पातळी वर चढत जाते आणि बुडबुडे पुढे ढकलले जातात.

भिंत सगळीकडून 30 ते 40 मिमी, शक्य तितकी सारखी. एका बाजूला साचा पातळ राहिला तर तिथे पाणी कमी शोषलं जातं आणि मगाची भिंतही त्याच बाजूला पातळ होते. पहिला भाग घट्ट झाला की जुळणीसाठी गोल खड्डे कोरा आणि दुसरा भाग ओतण्याआधी साच्याचा साबण तीनदा लावून पुसा. साबण विसरलात तर दोन भागांचा एकच दगड होतो.

घट्ट होताना प्लास्टर चांगलंच तापतं. त्यात हात बुडवून कसलाही ठसा घेऊ नका, गंभीर भाजतं. उरलेलं मिश्रण मोरीत ओतू नका, नळी कायमची बंद होते. साचा 50 अंशांच्या खाली, वारा खेळता ठेवून वाळवा. जास्त तापवला तर प्लास्टर भुसभुशीत होतं. आणि प्लास्टरचा कण पुन्हा वापरायच्या मातीत जाऊ देऊ नका. भाजताना त्याचा चुना होतो, नंतर तो हवेतली ओल पिऊन फुगतो आणि तयार मगाचा टवका उडवतो.

राखाडी

स्लिपबद्दल लिहितो, कारण नुसतं पाणी घालून पातळ केलेली माती म्हणजे ओतायची स्लिप नव्हे. तेवढ्या पाण्याने साचा लगेच भिजतो आणि मग इतका आकसतो की साच्यातच चिरतो. पाणी कमी ठेवून माती वाहती करायला डिफ्लॉक्युलंट लागतं.

3 किलो कोरड्या ओतीव मिश्रणाला 1.1 ते 1.15 लिटर पाणी आणि 10 ते 12 ग्रॅम डार्व्हान 7 (हे असंच एक डिफ्लॉक्युलंट), इथून सुरुवात करा. आधी पाण्यात डार्व्हान, मग ढवळत थोडी थोडी माती. शेवटचे दोन ग्रॅम डार्व्हान हातचे ठेवा आणि गरज पडली तर थेंबाथेंबाने घाला. रात्रभर ठेवून 60 किंवा 80 मेशच्या चाळणीतून गाळा. 100 मिली स्लिपचं वजन 175 ते 180 ग्रॅम भरलं पाहिजे.

वजन बरोबर असूनही स्लिप जाड असेल तर पाणी घालू नका, डार्व्हान घाला. वजनच 180 च्या पुढे असेल तर पाणी. या दोन गोष्टींची गल्लत झाली की कितीही दुरुस्ती केली तरी स्लिप जाग्यावर येत नाही. डार्व्हान जास्त झालं तर स्लिप दोरीसारखी ओघळते, थर जमायला वेळ लागतो आणि निघालेला मग कडक, ठिसूळ असतो. खरवडताना कपचे उडतात. कमी पडलं तर स्लिप दह्यागत बसते, साच्यातून नीट निथळत नाही आणि आत गुठळ्या राहतात.

ओतताना धार बुडाच्या मध्यावर, सलग, न थांबता. मध्ये थांबलात तर त्या पातळीवर आडवी रेघ उमटते आणि ती ग्लेझखालूनही दिसते. पातळी खाली जाईल तशी वरून भर घालत राहा. 5 मिमी थराला 10 ते 20 मिनिटं लागतात, पण घड्याळावर विसंबू नका; तोंडाशी जमलेली कड सुरीने कापून जाडी बघा. दिवसातला दुसरा मग पहिल्यापेक्षा जास्त वेळ घेतो, कारण साचा ओला झालेला असतो. नव्या साच्यातले पहिले एक-दोन मग साबणाचा अंश खेचून घेतात, ते टाकून द्यायचे असंच धरून चाला.

ओतून काढताना घाई केली तर गुडगुड आवाज येतो. म्हणजे आत पोकळी निर्माण होऊन भिंत आत ओढली जाते आहे. सावकाश, तिरपं करून काढा. नंतर साचा उलटा आणि जरा कलता ठेवा, चेहऱ्याची बाजू वर, म्हणजे शेवटचा ओघळ पाठीच्या भिंतीवर येतो.

नवमाती

ओतीव मगाच्या नाकाच्या शेंड्यावर बाहेरून खड्डा पडतो. साच्यात तसा खड्डा नाही. हे कशाने?

राखाडी

नाकाच्या आतली पोकळी अरुंद आहे. दोन्ही बाजूंचे 5 मिमी थर मध्ये भेटले आणि नाक भरीव झालं. तो गोळा बाकीच्या भिंतीनंतर आकसतो आणि कातडी आत ओढतो. नमुन्यावर नाकाची रुंदी 15 मिमीपेक्षा जास्त ठेवा, म्हणजे मध्ये पाच मिमी तरी वाहती जागा राहते. साचा बदलायचा नसेल तर थर 4 मिमीवर थांबवा. हाच प्रकार जाड ओठांत आणि कानांतही होतो.

ओंजळ

आणि साच्यातून काढायची योग्य वेळ?

राखाडी

काठ प्लास्टरपासून केसभर सुटलेला दिसला की. आधी पाठीचा भाग काढा, मग चेहऱ्याचा, कारण चेहऱ्याकडे पकड जास्त असते. जोडाची रेघ लगेच घासू नका, लेदर-हार्ड झाल्यावर सुरीने तासा. ओली असताना स्पंजने पुसली तर ती भाजल्यावर पुन्हा वर येते. आणि ओतीव मगावरही डोळे, दात, भुवया हाताने पुन्हा तीक्ष्ण करा. साच्यातून आलेली कड कधीच पुरेशी तीक्ष्ण नसते.

निळाई

चेहऱ्याच्या निवडीबद्दल. न्यूझीलंडच्या माओरींची हेई-टिकी ही गळ्यात घालायची, पिढ्यानपिढ्या जपली जाणारी वस्तू आहे. रापा नुई (ईस्टर बेट) वरचे मोआई, म्हणजे दगडी पुतळे, पूर्वजांचे आहेत. हवाईतला कू हा देव आहे. त्यांची हुबेहूब नक्कल पेल्यावर करणं तिथल्या माणसांना खटकतं, आणि ते समजण्यासारखं आहे. चेहरा स्वतः रचता येतो: जड भुवई, तिच्याखाली खोल डोळे, रुंद तोंड, उभ्या दातांची ओळ आणि बाजूला भौमितिक खाचा. एवढ्या घटकांतून शेकडो चेहरे होतात, आणि ते ग्लेझच्या खोलीला धरून आखले की मग जास्त चांगला होतो.

तापमान

बिस्कचं वेळापत्रक. 90 अंशांवर दोन ते चार तास, जाड नाक असेल तर आणखी. मग ताशी 100 अंशांनी 600 पर्यंत. 573 अंशांवर क्वार्ट्झचा आकार अचानक बदलतो, तो टप्पा सावकाश जायला हवा. पुढे ताशी 150 ने कोन 04 पर्यंत, म्हणजे साधारण 1060 अंश. (कोन म्हणजे भट्टीत ठराविक उष्णतेला वाकणारा मातीचा सुळका; आकड्याआधी शून्य असेल तर आकडा जितका मोठा तितकं तापमान कमी.) कोन 06 म्हणजे 1000 च्या आसपासही चालतं, पण ओतीव मगाला 04 बरा. मातीतला वायू आधीच निघून जातो आणि ग्लेझमध्ये टाचणीची भोकं कमी पडतात.

चाक_फिरतं

इथे एक फाटा आहे. टिकी मगांना भडक नारिंगी, लाल, पोपटी रंग हवे असतील तर कमी तापमानाची माती आणि कोन 06 ची तयार ब्रशने लावायची ग्लेझं सोपी पडतात. तीन हात, प्रत्येक हात आधीच्याला आडवा, मध्ये वाळवून. त्यात बिस्क ग्लेझपेक्षा तापमानाने वरचं असतं, 04 ला बिस्क आणि 06 ला ग्लेझ.

मृण्मयी

शोभेच्या मगाला ठीक. पिण्याच्या मगाला मी ते सुचवणार नाही. कमी तापमानाची माती भाजल्यावरही सच्छिद्र राहते. ग्लेझला एक जरी भेग गेली तरी पेय भिंतीत मुरतं, टेबलावर ओला गोल उमटतो आणि काही दिवसांनी वास येतो. शिवाय माती ओल पिऊन सूक्ष्म फुगते आणि आज नीट असलेल्या ग्लेझला महिन्यांनी जाळीदार भेगा जातात. कोन 6 च्या स्टोनवेअरमध्ये भिंत स्वतःच पाणी धरते.

कुठल्याही मातीची परीक्षा अशी: ग्लेझ न लावलेला, पूर्ण भाजलेला तुकडा वाळवून तोला, दोन-तीन तास उकळा, रात्रभर त्याच पाण्यात ठेवा, पुसून पुन्हा तोला. वजन 2 टक्क्यांपेक्षा कमी वाढलं तर पिण्याच्या मगाला माती योग्य. पिशवीवर कोन 5 ते 10 लिहिलेली माती कोन 6 ला बहुधा पूर्ण घट्ट होत नाही, तिथे ही परीक्षा कराच.

चाक_फिरतं

मान्य, सच्छिद्रतेचा मुद्दा मोठा आहे. मग रंग हवा असेल तर कोन 6 वर अंडरग्लेझ (ग्लेझखाली लावायचा रंग) आणि वर पारदर्शक ग्लेझ. काही लाल-गुलाबी अंडरग्लेझ त्या तापमानाला उडतात, तेव्हा आधी पट्टी भाजून बघावी.

गेरू

आता आतलं ग्लेझ. टिकीची पेयं म्हणजे लिंबू आणि अननस, म्हणजे आम्ल. लिंबाच्या रसाचा पीएच 2 ते 2.5 असतो आणि तो तासभर आत राहतो. म्हणून आतून साधं, चकचकीत, पूर्ण वितळलेलं पारदर्शक किंवा पांढरं ग्लेझ द्या. मॅट नको, तांबं जास्त असलेलं नको, शिसं, कॅडमियम आणि बेरियम तर नकोच. काठाच्या बाहेरचा वरचा 2 सेंमी भागही ओठाला लागतो, तोही आतला समजा.

कोन 6 साठी लक्षात ठेवायला सगळ्यात सोपा पाया: वजनाने फेल्डस्पार 20 भाग, वोलास्टोनाइट 20, फेरो फ्रिट 3134 (आधी वितळवून दळलेली काच) 20, केओलिन (पांढरी चिनी माती) 20, सिलिका 20. हा पारदर्शक. वर 10 टक्के झिर्कॉन घातलं की पांढरा. 3 ते 5 टक्के तांबडा आयर्न ऑक्साइड घातला की मधाचा रंग, 8 ते 10 टक्क्यांना गडद तपकिरी ते काळा. 4 ते 6 टक्के रुटाइलने कडांवर रंग फुटतो. 3 किलो कोरडं मिश्रण आणि सुमारे 2.9 लिटर पाणी घेतलं की चार लिटर ग्लेझ होतं. उंच, अरुंद बादलीत मग पूर्ण बुडतो. 80 मेशमधून दोनदा गाळा. 100 मिलीचं वजन 145 ग्रॅमच्या आसपास.

कोरडी पूड हाताळताना सिलिकाच्या धुळीसाठी योग्य मास्क लावा. जमीन ओल्या फडक्याने पुसा, झाडू नका. ही धूळ फुप्फुसात कायमची राहते.

निळाई

चेहरा उठवायचा सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे ग्लेझच्या आधी ऑक्साइडचा हात. तांबडा आयर्न ऑक्साइड आणि फ्रिट 3134 समान वजनाने, पाण्यात अगदी पातळ. बिस्कवर ब्रशने सगळ्या खाचांत भरा, वाळू द्या, मग ओल्या स्पंजने वरचा भाग पुसून घ्या. स्पंज प्रत्येक वेळी धुवा, नाहीतर सगळा मग मळकट होतो. फ्रिटशिवायचा सुटा ऑक्साइड वरच्या ग्लेझला धरू देत नाही. फार जाड लावलात तर फ्रिटमुळे वरचं ग्लेझ खाचेतून ओघळतं.

ग्लेझ लावायचा क्रम: आधी आतून. अर्धा मग भरा, फिरवत पाच-सहा सेकंदात ओतून टाका. बाहेर सांडलेलं लगेच पुसा आणि दिवसभर वाळू द्या. लगेच बाहेरून लावलं तर 5 मिमीची भिंत आधीच ओली असते, ग्लेझ धरत नाही आणि पातळ बसतं. दुसऱ्या दिवशी बुडाला मेण लावा, खालचे 5-6 मिमी मोकळे सोडा. मग उलटा, अगदी सरळ धरून बाहेरच्या ग्लेझमध्ये 3 सेकंद बुडवा. आत अडकलेल्या हवेमुळे आतल्या थरावर दुसरं ग्लेझ चढत नाही. तिरपा गेला की हवा सुटते आणि ग्लेझ आत शिरतं. काठावर दोन ग्लेझं एकमेकांवर येतात आणि तिथे ती जास्त वाहतात, म्हणून त्या जोडीची पट्टी आधी भाजा.

नवमाती

डोळ्यांच्या खोबणीत ग्लेझ दोन्ही बाजूंना सरकतं आणि मध्ये उघडी माती दिसते. दोन मगांना तेच.

निळाई

कोपऱ्यात ग्लेझ जाड साठलं, वाळताना त्याला तडा गेला आणि वितळताना तो तडा रुंदावला. भाजण्याआधी भिंगातून पाहिलं तर तडा दिसतो. दिसला तर बोटाने हलकेच चोळून बंद करा. मुळातून टाळायचं तर कोरतानाच खोबणीचा तळ ओल्या ब्रशने गोल करा, टोकदार कोपरा ठेवू नका. बिस्क ओल्या स्पंजने पुसून दिवसभर वाळवा, कारण खोबणीत धूळ साचते. ग्लेझचं 100 मिलीचं वजन 145 वरून 140 ग्रॅमला आणा. तरीही झालं तर केओलिनचा अर्धा भाग भाजलेल्या केओलिनने बदला. कच्चं केओलिन वाळताना फार आकसतं.

दुसरी शक्यता: बुडवताना खोबणीत हवेचा बुडबुडा अडकून तिथे ग्लेझ लागलंच नाही. आधी ब्रशने खोबणी भरून मग लगेच बुडवलं की हे टळतं.

तापमान

ग्लेझची भाजणी: ताशी 100 ने 600 पर्यंत, 150 ने 1120 पर्यंत, शेवटचे 100 अंश ताशी 60 ने कोन 6 पर्यंत, म्हणजे साधारण 1222 अंश. वर 10 मिनिटं थांबा. मग 50 अंश खाली आणून अर्धा तास थांबा. त्यात ग्लेझ घट्ट होता होता बुडबुड्यांची भोकं भरून येतात. रुटाइल असेल तर पुढे ताशी 80 ने 760 पर्यंत सावकाश थंड करा, तेव्हाच रंग खुलतो. नियंत्रकाच्या आकड्यावर विश्वास न ठेवता शेल्फवर कोन 5, 6 आणि 7 ओळीने ठेवा. 6 चं टोक शेल्फला टेकलं आणि 7 नुकताच झुकला तर भाजणी बरोबर. भट्टी 100 अंशांच्या खाली आल्याशिवाय उघडू नका.

ओंजळ

भाजून आल्यावर मग पिण्याजोगा आहे हे कसं ठरवायचं?

मृण्मयी

दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासायच्या. ग्लेझ मातीला बसलं आहे का: मगात उकळतं पाणी पाच मिनिटं, ओतून लगेच बर्फाचं पाणी. असं तीनदा. मग शाई चोळून पुसा. जाळी दिसली तर ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसतं आहे. गेरू यांच्या पाककृतीत सिलिका 5 भाग वाढवा, पुरलं नाही तर 10. उलट प्रकार जास्त धोक्याचा: काठावरून किंवा कोरलेल्या कडेवरून ग्लेझच्या कपच्या सुटतात. टिकी मगावर तीक्ष्ण कडा भरपूर, त्यामुळे हा दोष इथे लवकर उघडा पडतो. कडा लाकडाने जोरात घासा. एकही कपचा निघाला तर त्या ग्लेझ-मातीच्या जोडीचा कुठलाच मग पिण्यासाठी वापरू नका.

दुसरं आम्ल. आतल्या ग्लेझच्या पट्टीवर लिंबाची फोड 24 तास ठेवा. खालचा रंग किंवा चकाकी बदलली तर ते ग्लेझ बाद. नाही बदललं तरी ते सुरक्षित ठरत नाही, फक्त पुढच्या परीक्षेला पात्र ठरतं. शिसं आणि कॅडमियमसाठी प्रयोगशाळेत 4 टक्के अॅसिटिक आम्ल 24 तास मगात ठेवून त्यात काय उतरलं ते मोजतात. मग कुणाला देणार किंवा विकणार असाल तर ही चाचणी करून घ्या, आणि ग्लेझ, माती किंवा भाजणी यातलं काहीही बदललं तर पुन्हा करा.

नवमाती

डोळ्यांना सोनेरी लस्टर (धातूसारखी चकाकी देणारा पातळ लेप) लावायचं असेल तर?

तापमान

ती तिसरी भाजणी, कोन 018 ला, साधारण 720 अंश. पूर्ण भाजलेल्या चकचकीत ग्लेझवर, स्पिरिटने पुसून, अगदी पातळ एक हात. जाड लागलं तर सुरकुत्या पडतात. सुरुवातीला धूर येतो, तेव्हा भट्टीचं झाकण थोडं उघडं आणि खोलीत हवा खेळती ठेवा. 500 अंशांच्या आसपास झाकण लावा. तो मग मायक्रोवेव्हमध्ये जाणार नाही, आणि लस्टर ओठ लागतो तिथे नको.